टीका ऐकल्यावरचं दुसरं वाक्य

जय ख्रिस्त.

तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुलाही दिसेल. तू मंडळीच्या तरुण संघाचा सेक्रेटरी, वय २६. तरुणांच्या रविवारी प्रार्थना आणि संदेश दोन्ही तुझ्याकडे होते. उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर महिला मंडळातल्या एक मावशी चारचौघांत म्हणाल्या, "बाळा, तू प्रार्थना देवाला करत नाहीस, आम्हाला ऐकवतोस. आणि संदेशात दर वेळी आम्हालाच रागे भरतोस." तू हसून "थँक्यू मावशी" म्हणालास आणि घरी गेलास. त्यानंतर तीन रविवार तू मागच्या बाकावर बसतोस आणि शेवटचं गीत संपायच्या आत चपला घालतोस. आता तू विचारतोस की ख्रिस्ती माणसाने नम्र असावं म्हणजे हे सगळं गुमान गिळायचं का? चारचौघांत बोलताना त्यांना, चूक एकांतात दाखवावी असं सांगणारा मत्तयाचा १८वा अध्याय आठवला नाही का? आणि "दर वेळी रागे भरतोस" हे तर साफ खोटं आहे, त्याचं काय करायचं?

मला काका म्हटलंस, म्हणून अरेतुरेवर येतो. तीस वर्षं पाळकाची सेवा केली, बहुतेक नगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत. त्या काळात लोकांना वचन ऐकवणं सोपं गेलं. लोकांचं ऐकणं जड गेलं.

आधी माझंच सांगतो. माझ्या दुसऱ्या नेमणुकीच्या गावी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. एका रविवारी दारात हात मिळवताना त्यांनी दानाचं एक रिकामं पाकीट माझ्या हातावर ठेवलं. पाठीमागे पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांवर एक तिरकी, असे आठ गठ्ठे आणि शेजारी एक सुटी रेघ. "साहेब, आज उपदेशात तुम्ही एक्केचाळीस वेळा 'म्हणजेच' म्हणालात."

मीही हसलो. "आभारी आहे गुरुजी, लक्षात ठेवीन" असं म्हणून पाकीट कोटाच्या खिशात टाकलं. दुपारी मटणाच्या रश्श्याची चव लागली नाही. पुढचे सहा दिवस मी मनातल्या मनात गुरुजींशी भांडत होतो. वचन ऐकायला येतात की रेघा मारायला? मी सेमिनरीत शिकलोय, हे सातवी फायनल. आणि पुढच्या रविवारी मी काय केलं असेल? मत्तय ७ काढला. दोष काढू नका, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ. पंचवीस मिनिटं. गुरुजी तिसऱ्या बाकावर बायबल उघडून शांतपणे ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी एकही रेघ मारली नाही. घरी आल्यावर बायकोने कुकर उतरवता उतरवता विचारलं, "आज कुणाला उत्तर देत होतात?"

पुलपिटवरून उत्तर देता येतं आणि खालच्या माणसाला उठून बोलता येत नाही. पाळकाच्या हाताशी असलेलं हे सगळ्यात वाईट हत्यार आहे, आणि मी ते एका म्हाताऱ्या शिक्षकावर चालवलं होतं. तू मागच्या बाकावर जाऊन बसलास ते त्यापेक्षा बरं, पण जात तीच.

दहाएक दिवसांनी मी गुरुजींच्या घरी गेलो. विहिरीजवळ बसून ते लसूण सोलत होते. आधी माफी मागितली, मग विचारलं, "गुरुजी, खरंच इतकं खटकतं का?" ते म्हणाले, "शब्द वाईट नाही हो. पण तुम्हाला जे नीट ठाऊक असतं, तिथं तुम्ही गोष्ट सांगता. जिथं तयारी नसते, तिथं 'म्हणजेच' येतो." घरी येऊन मी त्या रविवारची वही उघडली. मधली तीन पानं शनिवारी रात्री एका इंग्रजी भाष्यातून उतरवलेली होती, मला स्वतःला न उमगता. सगळे "म्हणजेच" तिथेच असणार, हे मला रेघा न मोजताही कळलं.

हे लांबवून सांगितलं, कारण गुरुजींनी बोट ठेवलं एका शब्दावर आणि दुखणं निघालं दुसरीकडे. टीका करणाऱ्याला बऱ्याचदा दुखतंय कुठे एवढंच कळतं, कशामुळे दुखतं हे सांगता येत नाही. ते शोधणं ऐकणाऱ्याचं काम. आपल्या भाषेत टीका म्हणजे मुळात भाष्य. ज्ञानेश्वरीलाही गीतेवरची टीकाच म्हणतात. हल्ली "टीका विधायक असावी" असं आपण म्हणतो आणि सगळी अट बोलणाऱ्यावर घालून मोकळे होतो. गुरुजींचं पाकीट त्या रविवारी दारात विधायक नव्हतं. विहिरीजवळ गेल्यावर झालं.

आता शास्त्राकडे वळू. नम्रतेवर बोलायचं म्हटलं की लोक फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढतात, आणि तो योग्यच आहे. पण टीका ऐकण्याबद्दल मी तरुणांना दोन राजांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगतो: १ शमुवेल १५ आणि २ शमुवेल १२. पहिल्यात शौल, दुसऱ्यात दावीद. दोघांकडे संदेष्टा येतो, आणि दोघंही शेवटी तेच वाक्य म्हणतात: मी पाप केलं आहे.

शौल काय करतो पाहा. अमालेकी या शत्रू लोकांचं सगळं नष्ट करायची आज्ञा होती. त्याने उत्तम मेंढरं राखून ठेवली. शमुवेल आल्याबरोबर हा पुढे होऊन सांगतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. आणि मागे मेंढरं ओरडतायत. शमुवेल विचारतो, मग हे माझ्या कानी पडतंय ते मेंढरांचं ओरडणं कसलं? मला हा अख्ख्या जुन्या करारातला सगळ्यात ओळखीचा प्रसंग वाटतो. आपण "मी तर नीटच केलं" म्हणत असतो आणि मागून बें बें ऐकू येत असतं. मग शौल म्हणतो, लोकांनी राखून ठेवली, तीही यज्ञासाठी. मग म्हणतो, मी पाप केलं, लोकांना भ्यालो. आणि शेवटी, मी पाप केलं आहे, तरी माझ्या लोकांच्या वडीलजनांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख.

दाविदाकडे नाथान संदेष्टा येतो. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी मारली, ही गोष्ट सांगतो. दावीद चिडून न्याय देतो, आणि नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. दावीद म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. आणि तिथे थांबतो. जिच्याशी व्यभिचार केला त्या बथशेबेचा दोष काढत नाही, लढाईचे दिवस होते असं म्हणत नाही, नाथाना हे दरबारात बोलू नकोस असंही म्हणत नाही. गुन्हा तर शौलापेक्षा भयंकर. व्यभिचार, वर तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा खून.

म्हणून मी पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवत नाही. "हो, माझं चुकलं", "थँक्यू मावशी", "लक्षात ठेवीन गुरुजी" ही वाक्यं शौलालाही येतात. त्यानंतर तोंडातून, किंवा मनातून, काय निघतं ते बघायचं. तुझं दुसरं वाक्य होतं: चारचौघांत बोलायची काय गरज होती. शौलाचंही तेच होतं, फक्त उलट्या बाजूने. त्यालाही वडीलजनांचीच काळजी होती.

एक गंमत सांगतो. १ इतिहास ३:५ मध्ये दाविदाला बथशेबेपासून झालेल्या मुलांची नावं आहेत. त्यांत शलमोन आहे आणि नाथानही आहे. त्या संदेष्ट्यावरूनच नाव ठेवलं असं शास्त्र म्हणत नाही, पण ज्याने आपल्याला तोंडावर आरसा दाखवला त्याचं नाव घरात रोज हाक मारायला ठेवणं, मला तरी तो योगायोग वाटत नाही. लूकाने येशूची वंशावळ दिली आहे ती या नाथानाच्या शाखेतून जाते.

आता आपल्या मंडळ्यांतल्या खास पळवाटांबद्दल बोलतो. बाहेरच्या माणसाला त्या दिसत नाहीत, कारण त्या फार भाविक दिसतात. "आपण यावर प्रार्थना करू" ही त्यातली सगळ्यात लाडकी. कमिटीत कुणी हिशेबाचं विचारलं की हे वाक्य येतं आणि फाईल बंद होते. प्रार्थना जरूर करावी, पण हिशेब दाखवून करावी. दुसरी पळवाट, "सैतान सेवेत अडथळे आणतोय". असेलही, पण कधी कधी अडथळा आणणारा माणूस खजिनदार असतो आणि त्याला फक्त पावत्या हव्या असतात. तिसरी सगळ्यात चलाख: "मी तर पापीच आहे हो, मोठा पापी." हे म्हणायला काहीच लागत नाही. "मंगळवारी तुम्हाला फोन करतो म्हणालो आणि केला नाही" हे म्हणायला जीभ अडखळते. वर त्या मोठ्या पापीपणाने समोरचा माणूस घाबरून आपलीच समजूत काढायला लागतो, "नाही नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला." टीका करायला आलेला माणूस सांत्वन करून परत जातो. मी स्वतः हे अनेकदा केलंय, म्हणून ओळखतो.

यातून सुटायला ताकद कुठून येते? स्वभावाने नम्र माणसं थोडी असतात, मी त्यांतला नाही. मला एकच गोष्ट उपयोगी पडली. वधस्तंभाने माझ्याबद्दल जे सांगून ठेवलंय, त्याहून वाईट गुरुजी काय सांगणार? माझ्या पापासाठी देवाच्या पुत्राला मरावं लागलं हे मी दर प्रभुभोजनाला कबूल करतो, आणि "तुम्ही 'म्हणजेच' फार म्हणता" हे ऐकून आठवडाभर जेवत नाही. हे हास्यास्पद आहे. आणि त्याच वधस्तंभाची दुसरी बाजू रोमकरांस ८:१ मध्ये आहे: जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. म्हणजे मावशींचं बोलणं हा निकाल नव्हे. निकाल लागून गेलाय, तुझ्या बाजूने. मावशींचं बोलणं ही फक्त माहिती आहे, आणि माहिती तपासता येते.

तर तपास. मावशी जे बोलल्या ते जसंच्या तसं, त्यांच्या शब्दांत, वहीत लिही. तू पत्रात एका ठिकाणी लिहिलंस की "त्यांना माझी सेवा आवडत नाही". त्या असं म्हणाल्याच नाहीत. ते तू घरी जाताना रस्त्यात तयार केलंस. त्या दोन गोष्टी म्हणाल्या, एक प्रार्थनेची आणि एक संदेशाची. मग मोबाईलवर रेकॉर्डिंग असेल तर ऐक (हल्ली कुणीतरी केलेलंच असतं). प्रार्थनेत "हे प्रभू" नंतर येणारी वाक्यं बघ. "प्रभू, तुला माहीत आहे की आमच्यातले काही लोक उशिरा येतात" अशी वाक्यं निघाली, तर ती प्रार्थना नाही, ती सूचना आहे. मावशींचं अर्धं बरोबर निघालं म्हणून समज.

"दर वेळी रागे भरतोस" हे खोटं आहे म्हणतोस. असेल. मावशींनी तुझे सगळे संदेश ऐकलेत का, तू प्रत्येक वेळी रागावलास का, याचा हिशेब मांडला तर तू जिंकशील. पण "दर वेळी" हा शब्द माणसं मोजून वापरत नाहीत. घरी आई म्हणते, "तू कधीच वेळेवर येत नाहीस," तेव्हा आपण रजिस्टर दाखवत नाही. एखादी गोष्ट मनात साचली की ती "दर वेळी" होऊन बाहेर येते. तेव्हा अतिशयोक्तीचं टरफल बाजूला काढ आणि आत दाणा आहे का बघ. नसेल तर टाकून दे, त्यात उद्धटपणा नाही. पण तू एकट्याने ठरवू नकोस. तुला खूश करण्यात ज्याचा काही फायदा नाही अशा एकाला विचार. तरुण संघातल्या मित्राला नको, तो म्हणेल "भाई, मस्त झालं होतं."

मग मावशींकडे जा. घरी जा, चर्चच्या आवारात नको. "तुम्ही बोललात त्यावर मी विचार केला. एखादं उदाहरण सांगाल का, म्हणजे मला नीट कळेल?" एवढंच विचार, आणि त्या बोलत असताना उत्तर तयार करू नकोस. नामान कुष्ठरोगी सेनापती होता. अलीशा संदेष्ट्याने यार्देन नदीत सात वेळा बुडी मार म्हटल्यावर तो रागावून परत निघाला, आणि त्याला वळवलं त्याच्या नोकरांनी. सेनापतीने नोकरांचं ऐकलं म्हणून तो शुद्ध झाला. प्रेषितांची कृत्ये १८ मधला अपुल्लोस तर आलेक्झांड्रियाचा विद्वान, बोलण्यात पटाईत. त्याचं अपुरं शिक्षण प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने दुरुस्त केलं, तेही आपल्याकडे बोलावून घेऊन. अपुल्लोस काय म्हणाला हे लूक लिहीत नाही. पण तो पुढे अखयात गेला आणि विश्वासणाऱ्यांना फार उपयोगी पडला, एवढं लिहितो.

मत्तय १८ बद्दल. हो, एकांतात सांगावं हा नियम आहे आणि मावशींनी पायऱ्यांवर बोलायला नको होतं. पण तो नियम बोलणाऱ्यासाठी आहे. ऐकणाऱ्याने तो ढाल म्हणून धरला की काय होतं, ते मी कमिटीच्या बैठकांत खूप पाहिलंय: मुद्दा राहतो आणि पद्धतीवर तासभर चर्चा होते. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमोर सुनावलं (गलती २). ते तसं करायला हवं होतं का यावर वाद घालता येईल. पण पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख "आपला प्रिय बंधू" असा आहे, आणि त्याच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत असंही तिथे लिहिलंय. जिव्हाळा आहे आणि थोडा चिमटाही. मला ते आवडतं. तुझा हिशेब पुरा झाल्यावर मावशींना जरूर सांग, "पुढच्या वेळी बाजूला घेऊन सांगा, मला सोपं जाईल." क्रम मात्र हाच ठेव.

आता तुझा पहिला प्रश्न, सगळं गिळायचं का? नाही. आणि यासाठी मला बायबलबाहेर, आपल्याच पंडिता रमाबाईंकडे जावंसं वाटतं. १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटिजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक आई. रमाबाई पत्रात त्यांना लाडाने "आजीबाई" म्हणत. पुढे दोघींमध्ये पत्रांतून वाद झाला, आणि तो चांगलाच झाला. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत, हा जातीचा अभिमान आहे, त्यांच्यात नम्रता नाही, असा सिस्टरांचा रोख. रमाबाईंनी उत्तर दिलं की एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन राहिली आणि तिने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का? आणि मला माझी विवेकबुद्धी आहे, ती मी कुणाकडे गहाण टाकणार नाही, असा एकूण सूर. नातं मात्र तोडलं नाही, पत्रं चालू राहिली.

याच रमाबाईंनी पुढे १९०७ साली स्वतःबद्दल लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. सिस्टर हेच सांगत होत्या असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर रमाबाईंवर अन्याय होईल. पण जी बाई अंड्याच्या पुडिंगवरून एक इंच हलली नाही, तिने स्वतःच्या श्रद्धेबद्दल एवढं मोठं कबूल केलं, तेही छापून. तिचं नम्र असणं आणि मान तुकवणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

हे सांगायचं कारण असं की आपल्या मंडळ्यांत "नम्र हो" हे वाक्य बऱ्याचदा खालच्याला गप्प करायला वापरतात. सुनेला, मदतनीसाला, तरुण मुलीला. तुला कुणी तुझ्या जातीवरून, रंगावरून, बापाच्या धंद्यावरून बोललं, किंवा घडलेला अन्याय झाकण्यासाठी "मंडळीची बदनामी नको" म्हणून गप्प बसवलं, तर ती टीका नाही आणि ते ऐकून घेणं ही नम्रता नाही. तिथे बोल, आणि गरज पडली तर बाहेरच्या माणसाशी बोल. मावशींचं बोलणं मात्र त्यात बसत नाही. "निंदकाचे घर असावे शेजारी" म्हणतात, पण मावशी निंदकही नाहीत. त्या तुझ्या पाठीमागे बोलल्या नाहीत, तोंडावर बोलल्या, आणि वर बाळा म्हणाल्या.

येत्या रविवारी मागच्या बाकावरून उठ आणि गायनमंडळात तुझ्या जागी उभा राहा. भेटायला जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस, मावशींच्या वयाच्या बायकांना केळी चालतात. आणि तुझ्या पत्रात शेवटी तू सहज लिहिलंस की त्या रविवारची प्रार्थना साधारण अकरा मिनिटांची झाली. बाळा, अकरा मिनिटं फार झाली.